डोकं वहिनीचं, धड बेबीचं

डोकं वहिनीचं होतं आणि धड बेबीचं. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि कोटावरून भांडण होईपर्यंत त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

बेबी म्हणजे वहिनीची धाकटी नणंद. चाळिशी उलटली तरी घरात ती बेबीच. मोबाइलच्या दुकानात काउंटर सांभाळायची आणि भावाच्या घराखालच्या मजल्यावर एकटी, मजेत राहायची. वहिनी बसगाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर होती. दिवसभर रेक्झिन, जाडंभरडं कापड आणि सुया मोडणारे थर. तिच्या बोटांचे घट्टे बघून नवरा म्हणायचा, हिने कुणाला चापट मारली तर पोलीस हत्यार म्हणून हातच जप्त करतील.

या दोघींना एकदमच एक खूळ लागलं. सांध्यांच्या बाहुल्या. पोरांनी आपटायच्या त्या नव्हेत. या मोठ्या माणसांच्या हौसेच्या, रेझिनच्या कडक प्लास्टिकमधून ओतलेल्या, उंचीला कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. प्रत्येक सांध्यात गोळा आणि आतून ताणलेलं इलॅस्टिक, त्यामुळे गुडघा वाकवला की वाकलेलाच राहतो, मान तिरकी केली की तिरकी. डोळे बदला, केस बदला, कपड्यांना तर अंतच नाही. वहिनीला कुणीतरी नको म्हणून काढून टाकलेलं सुटं डोकं मिळालं होतं. रुंद कपाळ, मिटलेले ओठ, कुणाचं काही ऐकून घेणार नाही असा चेहरा. बेबीने एका बाहुलीचं नुसतं धड मिळवलं होतं, कारण त्या बाहुलीचं डोकं फरशीवर पडून तडकलं होतं. दोघींनी ते जोडलं. डोकं जरा पिवळट, धड जरा गुलाबी. मानेशी फरक दिसायचा. दिसेना का. बाहुली पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा दोघी इतक्या हसल्या की नवरा जेवण अर्धं टाकून बघायला आला.

बिनसलं ते कपड्यांवरून.

त्या वर्षी धुक्याची फॅशन आली होती. कुठल्यातरी दूरच्या बाईने आपली बाहुली फिक्या राखाडी झग्यात, लेसच्या थरांत, गळा उघडा टाकून उभी केली आणि फोटो टाकला. झालं. महिन्याभरात सगळ्या बाहुल्या धुक्यात. त्याआधी जांभळट मखमल होती, त्याआधी खलाशांची कॉलर. ज्यांनी मखमलीवर जीव टाकला होता, त्याच आता मखमल म्हटलं की नाक मुरडत होत्या. विचारा एखादीला, काल आवडलेलं आज का आवडत नाही? उत्तर मिळणार नाही, कारण ती आवड नव्हतीच. ती रांग होती, आणि रांगेत आपण मागे राहू ही धास्ती.

बेबी रांगेत सगळ्यांच्या पुढे. तिच्या फोटोंना खूप लोक बदाम द्यायचे आणि ती ते बदाम रोज सकाळी दात घासता घासता बघायची. मनाने वाईट नव्हती. तिला फक्त सगळ्यांना आवडायचं होतं.

वहिनीने कोट शिवला. तपकिरी चौकडीचा, घोट्यापर्यंत लांब, मोठ्या खिशांचा, उंच कॉलरचा. एवढ्याशा मापाला जाड कापड वळता वळत नाही; एक बाही बसवायला तिला चारदा उसवावं लागलं होतं. खिशावरची चौकडी कोटाच्या चौकडीशी तंतोतंत जुळवली होती. तो अंगात घातला की बाहुली हात खिशात घालून कामावर निघाल्यासारखी दिसायची. वहिनीला तेच आवडायचं. का आवडतं म्हणून कुणी विचारलं, की ती म्हणायची, आवडतं. लोकांना आवडीमागे एखादी गोष्ट लागते. आईचा असा कोट होता, वडील असे निघायचे, डोळ्यांत पाणी वगैरे. वहिनीकडे तसलं काही नव्हतं. तिला तो कोट आवडायचा आणि एवढं पुरे आहे असं तिचं म्हणणं होतं. पुरेच आहे.

वर्षातून एकदा वाचनालयाच्या सभागृहात बाहुल्यांचं प्रदर्शन भरायचं. यंदा दोघींनी मिळून आपली बाहुली मांडायची ठरली होती, आणि एक बाहुली मांडायची तर तिच्या अंगावर एकच काहीतरी असणार. बेबीने धुक्याचा झगा आणला. वहिनी म्हणाली, कोट. बेबीने आधी लाडाने सांगून बघितलं, मग हिशेबाने.

"कपडे अंगावर घालतात, वहिनी. डोक्यावर नाही. आणि अंग माझं आहे."

"चेहरा माझा आहे," वहिनी म्हणाली. "लोक चेहरा बघतात."

नवऱ्याने मध्ये तोंड घातलं. टोपी हिची, बाकीचं तिचं, आणि बूट काढले तर ते माझे, असा त्याने निवाडा दिला. दोघींनी त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की गच्चीवरची टाकी भरली का ते बघायला तो निघून गेला. शेवटी ठरलं की दोन्ही कपडे बाहुल्यांची हौस असणाऱ्यांच्या मंडळात न्यायचे आणि मॅडम काय म्हणतात ते बघायचं.

मॅडम म्हणजे मंडळाच्या सर्वेसर्वा. त्यांचं हौशी सामानाचं दुकान होतं आणि रविवारी त्याच्या मागच्या खोलीत सगळ्या जमायच्या. धुक्याची लेस त्यांच्याच दुकानात मिळायची, हेही सांगून ठेवतो. बाहुली कोटात होती. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे पाहिलं.

"ही बाहुली आहे की बसची कंडक्टर? तिकीट काढावं लागेल का हो?"

खोली हसली. वहिनीला त्याचं काही वाटलं नाही. जगातल्या इतक्या बाया रोज सकाळी कोट, स्वेटर, ओढणी सावरत कामाला पळतात. बाहुलीने मात्र काही न करता धुक्यात उभं राहायचं, असं ज्यांना वाटतं त्यांच्या हसण्याचं काय घेऊन बसायचं? पण बेबीही हसली. नुसती हसली नाही, वर म्हणाली, "वहिनीची हौस आहे हो ती. प्रदर्शनाला मी धुक्यातच आणणार आहे."

तो 'मी' वहिनीने ऐकला.

घरी आल्यावर ती सरळ बेबीच्या मजल्यावर थांबली. बाहुली मांडीवर घेतली, विग उतरवला, कवटीचं झाकण काढलं. आत इलॅस्टिकला अडकवलेला हुक चिमटीत धरून वर ओढला, तिरका केला आणि डोकं मोकळं केलं. हुक सोडला असता तर इलॅस्टिकबरोबर सटकन धडात गेला असता आणि काढताना बेबीच्या नाकीनऊ आले असते. म्हणून तिने त्यात टेबलावरची पेन्सिल आडवी घातली. कोट आणि बूटही काढून घेतले. बिनडोक्याची, उघडी बाहुली मानेतून पेन्सिल आरपार गेलेल्या अवस्थेत सोफ्यावर बसून राहिली.

"वहिनी, हे काय?"

"माझं मी घेतलं. तुझं तुझ्यापाशी आहे."

"अगं, प्रदर्शन आलं तोंडावर. नुसत्या डोक्याचं तू काय करणार?"

"मांडणार."

बेबी मागून जिन्यापर्यंत आली. रडवेली झाली होती, चिडलीही होती. एवढ्याशा हसण्याचा एवढा राग, असं काहीसं म्हणाली. वहिनीने सांगितलं की राग हसण्याचा नाही. बेबीने तिच्या कोटाला नुसती हौस ठरवायचं आणि स्वतःचं तेवढं खरं धरायचं, याचा आहे. मग ती वर गेली. बेबीला मॅडमनी दुसऱ्या दिवशी एक गुलाबी डोकं उसनं दिलं. त्या धडाला ते जास्त शोभलं, हे वहिनीनेही कबूल केलं असतं, विचारलं असतं तर.

आता वहिनीकडे डोकं होतं, कोट होता, बूट होते आणि मध्ये काही नव्हतं. नवं धड मागवावं तर ते ओतून यायला कित्येक महिने. तिने लाकडाचं करून बघितलं. खांदे इतके रुंद झाले की नवरा म्हणाला, हिला आपल्याकडे हमाल म्हणून ठेवू. कापडाचं शिवून कापूस भरला, तर डोकं कलंडायला लागलं. रेझिनचं डोकं जड असतं, कापूस त्याला कसा पेलणार. दोनदा चिडून तिने सगळं पिशवीत कोंबलं आणि दोनदा परत काढलं. सोडून द्यायचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. पण सोडून दिलं असतं तर तो कोट पुन्हा 'वहिनीची हौस' झाला असता, आणि ते तिला मंजूर नव्हतं.

उपाय तिला कारखान्यात सुचला. सीटच्या पाठीचं कव्हर शिवून झालं की ती ते जमिनीवर टाकायची, आणि ते आत काही नसताना ताठ उभं राहायचं. रोज राहायचं. जाड कापड, मध्ये ताठ कॅनव्हास, कडेने दोरी घालून शिवलेलं पायपिंग. आत काय आहे याच्याशी कव्हराला काही देणंघेणंच नव्हतं.

तिने कोटाचं अस्तर उसवलं. आत कॅनव्हासचे दोन थर घातले, खांद्यांत फोमचे तुकडे बसवले. खालच्या घेरात पायपिंग आणि त्यात वाकेल पण दबणार नाही अशी तार ओवली. मानेच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ शिवून टाकलं; त्याच्यावर डोकं असं बसलं की हलवलं तरी हलेना. हात नव्हते. मग बाह्यांची टोकं खिशात घालून आतून टाके मारले. बघणाऱ्याला वाटावं, हिने हात खिशात कोंबलेत आणि काढायचा विचार नाही. बूट वजन भरून घेराच्या पुढच्या कडेला चिकटवले. उंच कॉलर वर केली. टेबलावर ठेवून टेबल हलवून बघितलं. बाई उभी राहिली.

"आतून रिकामी आहे?" नवऱ्याने विचारलं.

"हो."

"ऑफिसात माझे साहेब असेच आहेत," तो म्हणाला, "पण एवढे ताठ नाहीत."

प्रदर्शनाच्या सकाळी मॅडम दाराशी बसल्या होत्या. बेबीकडून त्यांना सगळं कळलं होतंच. त्यांनी कोटाभोवती एक चक्कर मारली आणि गोड आवाजात म्हणाल्या की मंडळाचा नियम आहे, बाहुली पूर्ण हवी. हिच्या आत धड आहे का?

"बटणं उघडून बघणार?" वहिनी म्हणाली.

मॅडम चपापल्या. या लोकांत एक रीत कडक पाळली जाते: दुसऱ्याच्या बाहुलीला विचारल्याशिवाय बोट लावायचं नाही. आणि वहिनी काही परवानगी देणार नव्हती.

"तसं नव्हे, पण नियम सगळ्यांनाच आहे."

"मग सगळ्यांचंच बघू. त्या टोकापासून सुरुवात करा. एकेकीचे झगे वर करा."

त्यातल्या अर्ध्याअधिक झग्यांखाली कमरेला लोखंडी टेकू होते, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. धुक्यातल्या बाहुल्यांचे पाय कसे वाकडेतिकडे दुमडलेले असतात तेही माहीत होतं. मॅडमनी चष्मा खाली घेतला, पुसला, पुन्हा लावला. मग कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ठेवा तिथे."

वहिनीने ठेवली.

दिवसभर लोक आले आणि गेले. मधल्या लांब टेबलांवर धुकंच धुकं होतं, राखाडी लेस, उघडे गळे, खाली झुकलेल्या पापण्या. कोपऱ्यात चौकडीचा कोट. एक बाई म्हणाली, किती उदास दिसते ही. एक माणूस बराच वेळ बघून म्हणाला, हिला उशीर झालाय वाटतं. वहिनीने कुणाला काही समजावलं नाही. बक्षीस अर्थातच धुक्याला मिळालं, आणि त्या झग्याची शिलाई खरंच सुंदर होती.

दुपारी कधीतरी वहिनीने पाहिलं, बेबी मधल्या टेबलाशी वाकून बाहुलीच्या झग्याची लेस नीट करत होती. एक थर सारखा केला, दुसरा केला, केस मागे सारले. मग शेजारची बाई म्हणाली, "अहो, ती माझी आहे." बेबीने हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. माफी मागितली. मग ओळीने बघत बघत दोन बाहुल्या सोडून आपली शोधली.

वहिनीला हसायला हरकत नव्हती. ती हसली नाही. तिने तोंड फिरवलं आणि कॉलर सारखी करत बसली.

गर्दी ओसरल्यावर बेबी कोपऱ्यात आली. वाकून कॉलरच्या आत डोकावली.

"मानेत काय घातलंस?"

"रीळ."

"कसलं?"

"दोऱ्याचं. रिकामं."

बेबीला हसू फुटलं, मागच्या खोलीतलं नव्हे, दुसरंच. मग ते ओसरलं. "मी तेव्हा तसं बोलायला नको होतं," ती म्हणाली. "मॅडमचं डोकं उद्या परत करतेय. धड वर आणून देऊ?"

"कोट आता निघत नाही. बाह्या खिशात शिवल्यात."

"मग राहिलंच."

"राहिलं नाही. पुढच्या वर्षी पँट शिवायची आहे. पँटला पाय लागतात."

"पाय माझ्याकडे आहेत."

"माहीत आहे. म्हणून आत्ताच सांगून ठेवते. दिलंस तर जोडू. पण हे डोकं वर असेपर्यंत कपडे मी ठरवणार. नाही दिलंस तर पाय लाकडाचे करीन. आता जमेल मला."

बेबीने ओठ चावला. "रंग तरी विचारशील?"

वहिनीने जरा विचार केला. "विचारीन. ऐकीनच असं नाही."

सोमवारी तिने मुकादमाकडून जाड निळ्या कापडाचा उरलेला तुकडा मागून घेतला. घरी जाताना खालच्या मजल्यावर थांबून तो बेबीला दाखवला. बेबीने बोटांनी चाचपून बघितला आणि यापेक्षा राखाडी बरा दिसेल असं म्हणाली. वहिनी बरं म्हणाली, आणि वर जाऊन निळ्यावरच खडूने आखायला घेतलं.