गोपिकाबाईंचा अर्ज

गोपिकाबाई दुपारी आल्या आणि दोन कोरे कागद माझ्यापुढे ठेवून बसल्या.

"काकाजी, तुमी लायब्ररीत होते. तुमच्यावानी लिहिणं कोणाले जमन? आमदारसाहेबाले अर्ज द्याचा हाय."

दोन महिन्यांपूर्वी त्यांची मुलगी अपेक्षा नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीतली ड्युटी संपवून स्कुटीने घरी येत होती. दारू प्यायलेल्या धर्मेंद्रने तिला भर रस्त्यात उडवलं. तेव्हापासून हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमध्ये त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. मला ते तीन वर्षांपासून माहीत होतं.

"काय लिहू?"

"लिहा, की पिऊन माणूस मारते, सुटते अन् पुन्हा मारते, अशाले कमीत कमी दहा साल जेल पाह्यजे. लायसन जल्मभर बंद." त्या थांबल्या. "वकील म्हणते, कागदावर त्याचा हा पहिलाच गुन्हा हाय. पहिला! मंग त्या हमालाले मारलं ते काय होतं? पंच फिरला म्हणते. कोण होता तो मुडदा पंच, काय माहीत."

मी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं.

तो पंच मी होतो. नत्थूजी नावाचा हमाल सकाळी सायकलने कळमन्याच्या बाजारात निघाला होता, तेव्हा माझ्या फाटकासमोरच धर्मेंद्रच्या गाडीने त्याला उडवलं. मी व्हरांड्यात पेपर वाचत होतो, म्हणून पोलिसांनी पंचनाम्याला मलाच बोलावलं. लिहिणाऱ्या शिपायाने गाडीत दारूची एक बाटली लिहिली होती. मी सीटखाली दोन पाहिल्या होत्या. चाचरत तसं म्हणालो, तर त्याने कागद माझ्याच हातात दिला. मी 'एक' खोडून 'दोन' लिहिलं आणि बाजूला सही केली.

कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी धर्मेंद्रचा मोठा भाऊ आला. गोड बोलला. "काकाजी, रोज सकाळी फिराले जाता न? एकटेच? सांभाळून जात जा. आजकाल लोक कशाबी गाड्या चालवून राहिले."

दुसरा पंच आधीच फिरला होता. मीही कोर्टात म्हणालो, सही माझी आहे, पण पोलिसांनी ती कोऱ्या कागदावर घेतली. न्यायाधीशांनी तो खोडलेला 'एक' आणि त्याच्या बाजूची माझी सही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. सरकारी वकिलापुढे फायलींचा ढीग होता; त्यांनी पुढे काही विचारलं नाही. आपण फक्त भ्यायलो, असं मी स्वतःला सांगत आलो. अपेक्षा गेली त्या दिवसापर्यंत ते पुरलं.

मी अर्ज लिहू लागलो. हमालाच्या खटल्यात धर्मेंद्र कसा सुटला, त्या वाक्यापाशी आल्यावर 'पुराव्याअभावी' हा शब्द सुचला आणि जिवाला हायसं वाटलं. शुद्ध, सभ्य शब्द. त्यात कोणीच नव्हतं. मग मी अर्ज वाचून दाखवला.

"पुराव्याअभावी म्हंजे?"

"म्हणजे पुरावा नव्हता."

"नव्हता कसा? पंच होता न! इतके पुस्तकं वाचले, तुमाले एवढंबी समजत नाही का? लिहा, पंच फिरला."

हे कागदावर आलं, तर कोणीतरी पंचाचं नाव शोधेल. खोट्या साक्षीसाठी मलाच आत टाकतील, या वयात. आणि तो भाऊ पुन्हा फाटकाशी उभा राहील.

"तो पंच मी होतो," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की मला वाटलं, त्यांना ऐकूच गेला नसेल.

मी खाली, त्यांच्या पायांकडे पाहत होतो.

"काहून?"

"त्याचा भाऊ आला होता. भ्यायलो."

"परवा माह्याबी दारात येऊन गेला तो. केस मांगं घे म्हणे. मी भेली नाही का? तरी आली न इथं." आवाज चढला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "नाव लिहा. पूर्ण. अन् पत्ताबी टाका, नाहीतर सरकार म्हणन, असा माणूसच नाही."

मी लिहिलं : महादेव शामराव ढोबळे. अक्षर माझं वाटत नव्हतं.

बाहेर एक गाडी हळू झाली. आम्ही दोघंही फाटकाकडे पाहत राहिलो. ती पुढे निघून गेली, तरी लगेच कोणी हललं नाही.

"प्लॉट नंबर राहिला," गोपिकाबाई म्हणाल्या.

मी तो लिहिला.