खांब नंबर दोनशे सत्तावीस

तीस वर्षं मी शहरातले रस्त्यावरचे दिवे दुरुस्त केले आणि तीस वर्षं त्याच दिव्यांनी माझ्या झोपेचं खोबरं केलं. आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीला अगदी खेटून एक खांब होता. नंबर दोनशे सत्तावीस. जाड पडदे लावले, डोळ्यांवर रुमाल बांधला, तरी उजेड कुठून ना कुठून घुसायचाच. शेवटी एके दिवशी शिडी लावली आणि त्याची वायर गुपचूप सैल करून ठेवली. खात्यातल्या माणसाला एवढाही हक्क नको?

दोन दिवस ढाराढूर झोपलो. तिसऱ्या दिवशी साहेबांनी तक्रारवही पुढे सरकवली. "दोनशे सत्तावीस बंद आहे, फोन आला होता. तुमच्या घरापाशीच आहे, जाताजाता लावून टाका." पुढे वर्षातून दोन-तीनदा मी वायर सैल करायचो आणि तिसऱ्या दिवशी तक्रार हजर! वहीत नाव नाही, पत्ता नाही, नुसता खांबाचा नंबर. त्या चोंबड्याला मी मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या असतील! माझा संशय समोरच्या शिंप्यावर होता. बारा वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही.

निवृत्त झालो आणि दूर, शेतांच्या मधोमध लहानसं घर घेतलं. सूर्य बुडाला की काळाकुट्ट अंधार, आवाज म्हणाल तर रातकिड्यांचा. मी खूश. पण बायकोने पहिल्याच रात्री स्वयंपाकघर, न्हाणीघर, पायऱ्या, सगळीकडचे दिवे लावून ठेवले. मी बंद करायचो, ती लावायची. आठवडाभर हा खेळ चालला. मग माझं डोकं फिरलं आणि मी बल्बच काढून कपाटात कुलूपबंद केले. ठेवला फक्त खोलीतला एक, तोही जेवण होईपर्यंत.

तेव्हापासून ती फुगूनच बसली. दिवेलागणीच्या आत जेवण उरकायचं, पलंगावर बसायचं आणि सकाळपर्यंत तिथून हलायचं नाही. शहर सुटल्याचा राग, दुसरं काय! "जरा बाहेर ये, चांदण्या बघ," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तुम्हीच बघा."

काल संध्याकाळी मी अंगणातून हट्टच धरला. दहा हाका मारल्या तेव्हा कुठे उठली. भिंतीला हात लावत दारापर्यंत आली आणि पायरी चुकून धाडकन पडली.

"एवढी मोठी पायरी दिसत नाही तुला?" मी तिला उचलता उचलता खेकसलो.

"नाही दिसत."

"म्हणजे?"

"अंधार पडला की मला काहीच दिसत नाही. लहानपणापासून. आई म्हणाली होती, लग्न होईपर्यंत कुणाला सांगू नकोस. मग सांगायचं राहूनच गेलं."

"अगं, पण शहरात तर रात्रीबेरात्री उठायचीस की!"

"तिथे दोनशे सत्तावीस होता ना." ती मनगट चोळत होती. "बंद पडला की मी कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन करायची."

बारा वर्षं! तो बिचारा शिंपी! असा संताप आला की सांगता सोय नाही, आणि ओरडायला माणूस समोर एकच, तेही मीच पाडलेलं.

"इथे तक्रार कुणाकडे करायची तेच कळेना," ती म्हणाली. "तुम्ही इतकी वर्षं अंधाराची वाट बघितलीत. म्हणून बसून राहायची."

आज सकाळी मी कपाट उघडलं, शिडी काढली. न्हाणीघराची वाट आणि पायऱ्या दोन्हींवर उजेड पडेल अशी जागा शोधत घराला चार फेऱ्या मारल्या. तीस वर्षांचा अनुभव पणाला लावला, पण जागा एकच सापडली. झोपायच्या खोलीची खिडकी.

अंधार पडल्यावर शिडीवरूनच बटण दाबलं. "दिसतंय का?" मी वरून विचारलं.

"तुमचं तोंड दिसतंय," ती खालून म्हणाली. "कसले चिडलाय!"

चिडलो होतोच. वायर मात्र घट्ट आवळली.