दगडामागच्या तीन खाचा

पंचवीस वर्षं मी रस्तेखात्याच्या कार्यशाळेत पाट्या रंगवते. पुढे वळण आहे, सावकाश जा, अमुक गाव इतके किलोमीटर. रस्त्याकडेचे इतिहासाचे दगडही माझ्याकडेच येतात. इथे जुना पूल होता, तिथे कोणाचा तरी तह झाला. खरं सांगायचं तर मी अक्षरं बघते, मजकूर नाही. तह कोणीही करो, 'त'ची दांडी सरळ आली म्हणजे झालं.

एका दगडाचा मजकूर मात्र मला तोंडपाठ होता. 'याच जागी दरड कोसळून रस्त्याचे सात मजूर गाडले गेले.' त्या सातांतले एक माझ्या सासूबाईंचे वडील. सासूबाई तेव्हा सहा महिन्यांच्या. रस्ता तातडीने हवा होता, म्हणून उकरायला कोणी थांबलं नाही. माती तशीच चोपली आणि वरून रस्ता नेला. वडिलांचा फोटो नाही, सदरा नाही, काही नाही. होता तो हा दगड. अधूनमधून त्या तिथे जायच्या, मिनिटभर उभ्या राहायच्या आणि हिरमुसून परत यायच्या.

"काही म्हणजे काही वाटत नाही गं तिथे," त्या म्हणायच्या. "माझंच काळीज कोरडं असेल."

"आई, काहीतरीच काय बोलता!" मी म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?

रस्ता पुन्हा रुंद होणार म्हणून गुरुवारी तो दगड उपटून कार्यशाळेत आणला. हमालांनी तो पालथाच टाकला. "अरे, अक्षरांवर आपटता? डोळे घरी ठेवून आलात का?" मी चांगलंच फैलावर घेतलं त्यांना. मग माझं लक्ष दगडाच्या पाठीकडे गेलं. तीन आडव्या खाचा होत्या, छिन्नीने मारलेल्या. सगळ्यात वरची झिजलेली, खालची त्यामानाने ताजी.

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "दगड आहे, खाचा असायच्याच. तुम्ही पुढची बाजू बघा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दुपारी डबासुद्धा गोड लागला नाही. खाचा कोणी मारल्या, आणि तीनच का?

कार्यशाळेच्या मागच्या गल्लीत आमचे निवृत्त मुकादम राहतात. त्यांना गाठलं. खाचा म्हणताच म्हातारा खुदकन हसला.

"सापडल्या होय! रस्ता रुंद केला की दगड मागे सरकवायचा. वरून हुकूम एकच, दगड गाडीतून दिसला पाहिजे. किती सरकवला ते कागदावर कोण लिहितो? म्हणून आमची टोळी पाठीवर खाच मारायची. एक खाच म्हणजे फावड्याचे पाच दांडे. टेप होती कोणाकडे?"

"म्हणजे ती जागा तिथे नाहीच?"

"छे! दर वेळी डोंगर कापत रस्ता आत घेत गेलो आम्ही. खरी जागा पंधरा दांडे अलीकडे."

"अहो मुकादम, पण पुढे 'याच जागी' लिहिलंय! मी स्वतः तिथे जाऊन रंगवलंय ते!"

"पुढचं लिखाण साहेबांचं. आमचं मागे."

घरी आले तेव्हा सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी सगळं सांगितलं. हातातला टॉवेल हातातच राहिला.

"दगड तर कायम रस्त्याकडेलाच असायचा," त्या म्हणाल्या. "सरकला हे कळणार कसं? म्हणजे जन्मभर मी भलतीकडेच जात होते? मग वाटणार काय, डोंबल!" आणि मग अगदी हळू आवाजात, "मला तिथे ने. एकदाच."

सोमवारी यंत्र येऊन दगडाचा खड्डा बुजवणार होतं. खड्डा गेला की मोजायचं कुठून? म्हणून रविवारी सकाळीच आम्ही तिघं निघालो. मुकादमांनी त्यांच्या जुन्या फावड्याचा दांडा आणला होता. दुसरा चालणार नाही म्हणाले, माप बिघडेल.

खड्ड्यापासून ते दांड्यापुढे दांडा टाकत रस्ता ओलांडू लागले. मी लाल फडकं धरून गाड्या अडवत होते. सासूबाई मोठ्याने आकडे म्हणत होत्या.

"रस्ता विकत घेताय का?" एक ट्रकवाला ओरडला.

"घेतला असता, पण खड्डे फार आहेत!" मीही सोडते होय!

पंधरावा दांडा पलीकडच्या बसथांब्यात, पत्र्याखालच्या बाकापाशी संपला. मुकादम कमरेवर हात ठेवून सरळ झाले. "ही जागा, ताई."

सासूबाई त्या बाकाकडे बघतच राहिल्या. त्या बत्तीस वर्षं दवाखान्याच्या धोबीखान्यात कामाला होत्या, आणि पहिली बस याच थांब्यावरून धरायच्या.

"अगं, मी रोज इथेच उभी असायचे," त्या म्हणाल्या. "इथेच उभ्याउभ्या वेणी घातलीय. बसवाल्यांना शिव्या घातल्यात. तुझ्या नवऱ्याला लहानपणी ताप भरला, त्याला तसाच टाकून कामावर निघाले, तेव्हा या बाकावर बसून ढसाढसा रडले. वाटलं, आपलं म्हणावं असं कोणी नाही जवळ."

मी फडकं मुकादमांकडे दिलं आणि सासूबाईंचा हात धरला. मुकादम उगाच फडक्याची घडी करत बसले.

तेवढ्यात बस आली. चालकाने खिडकीतून मान बाहेर काढली. "आजी, चढा लवकर, उशीर होतोय!"

सासूबाईंनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि बाकावर ऐसपैस बसल्या.

"तू जा रे पुढे," त्या म्हणाल्या. "मी माहेरी आलेय."