न झालेल्या मॅचमधला गोल

फुटबॉल क्लबाच्या क्विझच्या रात्री फिंटन लूबीने माइकवर प्रश्न वाचला तेव्हा मॅलकी टूहीच्या तोंडात हॅम सँडविचचा घास होता. राथकीव्हिन टाउनकडून एकही गोल न करता लीगच्या सर्वांत जास्त मॅचेस खेळलेला खेळाडू कोण? हॉलभरच्या माना वळल्या आणि खसखस पिकली. उत्तर स्वेटर घालून त्यांच्यातच बसलं होतं.

फिंटन क्लबचा सेक्रेटरी, मुलगा गुणाचा, मनात खोट अजिबात नाही. मॅलकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्यामुळेच. मुद्दाम केलेला अपमान निदान परत तरी करता येतो.

"एक गोल केलाय मी," तो उभा राहून म्हणाला. "आर्डमॉइल सेल्टिकला."

फिंटनने मऊ आवाजात सांगितलं की ती मॅच रेकॉर्डमध्ये नाही. नसणारच. आर्डमॉइलचा चामड्याचा कारखाना बंद पडला आणि त्यामागोमाग सीझनच्या अधेमधेच क्लबही. मग लीगच्या मोठ्या माणसांनी डब्लिनमध्ये बसून, हिशेब सोपा व्हावा म्हणून, त्या सीझनच्या आर्डमॉइलच्या सगळ्या निकालांवर बोळा फिरवला. एक अख्खं गाव दर रविवारी पावसात भिजत घसा फोडत होतं, ते कशासाठी, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. मेलेल्या क्लबाच्या वतीने भांडणार कोण?

"त्याच मॅचमध्ये पंचाशी हुज्जत घातली म्हणून मला बाहेर काढलं," मॅलकी म्हणाला. "दोन मॅचेसची बंदी घातली. ती मी भोगली. मॅच झालीच नाही, तर मला बाहेर काढलं कुठून?"

हॉल हसला, पण आता त्याच्या बाजूने. टाळ्या पडल्या. फिंटनलाही ते आवडलं. लीग काहीही म्हणो, आपल्या क्लबाच्या पुस्तकात आजपासून मॅलकीचा गोल धरायचा, असं त्याने जाहीर करून टाकलं. कुणीतरी मॅलकीच्या टेबलावर बिअरचा ग्लास पाठवला. इतकी वर्षं ज्यासाठी तो कुढत होता ते असं सँडविच खाता खाता हातात आलं, आणि तो खाली बसणारही होता.

त्याच्या बायकोने, असम्प्टाने, टाळी वाजवली नव्हती. ती आर्डमॉइलची. त्या मॅचला ती आर्डमॉइलच्या बाजूच्या प्रेक्षकांत उभी होती आणि तिचा भाऊ कोलमन आर्डमॉइलकडून खेळत होता.

"आणि कोलमनचे दोन?" तिने विचारलं, फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

मॅलकी उभाच राहिला. "फिंटन, गोल धरायचा तर मॅच धर. तीन-एकने हरलो होतो आपण."

हॉलभरचे डोळे बारकडे वळले. बारच्या वर क्लबाच्या एकुलत्या एक विजेतेपदाचा फोटो होता, त्याच सीझनचा, एका पॉइंटने मिळवलेला. दुसऱ्या आलेल्या क्लॉनशीच्या क्लबाने आर्डमॉइलला हरवलं होतं. त्यांचा विजय पुसला गेला, आपला पराभव पुसला गेला, आणि विजेतेपदाची ढाल राथकीव्हिनला आली. हे पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येकजण मूग गिळून बसला होता.

फिंटन माइक सोडून जवळ आला. "मॅलकी, एका गोलासाठी गावाचं विजेतेपद घालवता? पदक तुमच्याकडेही आहे."

"आहे की. मढ्याच्या टाळूवरचं लोणी आहे ते."

कुणीच हसलं नाही. ग्लास पाठवणारा दुसरीकडे बघू लागला. मागून आवाज आला, पुढचा प्रश्न घ्या. फिंटन परत माइककडे गेला आणि कागदावर जो पुढचा प्रश्न होता तो त्याने वाचला, कारण दुसरं काही त्याला सुचेना. राथकीव्हिनने लीग कोणत्या साली जिंकली? सगळीकडे पेन्सिली धावल्या. शाळेतल्या पोरालाही येणारं उत्तर.

असम्प्टाने कागद पुढ्यात ओढला, लिहिलं आणि नवऱ्याकडे सरकवला. मॅलकीने चष्मा लावून वाचलं. कधीच नाही.

"पॉइंट जाईल," तो म्हणाला.

"जाऊ दे. क्लॉनशीचंही एकाच पॉइंटने गेलं."

कागद गोळा करणाऱ्यांची वाट न बघता मॅलकी तो स्वतः घेऊन पुढे गेला. सगळा हॉल बघत होता. फिंटनने उत्तर वाचलं, फोटोकडे पाहिलं, आणि लाल पेनाने फुली मारली.

मॅलकी जागचा हलला नाही.

"खाली सही कर," तो म्हणाला. "फुली कुणी मारली ते निदान या वेळी तरी कळू दे."

फिंटनने पेनाला टोपण लावलं.