पाठमोरा फोटो

"ताई, वाचनगट चालवणाऱ्या सगळ्यांचं प्रोफाइल वेबसाइटवर खुलं आहे. तुमचंच तेवढं बंद. लोक येणार कसे?" मी म्हणालो.

"नवऱ्याला सोडून आलेय रे मी. त्याला माग लागायला नको."

"मग नाव नको. पाठमोरा फोटो टाकू."

"म्हणजे भूतच की," म्हणत ताई हसल्या आणि तयार झाल्या.

दुपारपर्यंत तीन नवे सभासद आले. मी जाम खूश. तिसऱ्याने ताईंना लिहिलं होतं, 'वेणी अजून तशीच घालतेस.'

ताई म्हणाल्या, "बंद कर ते."

मी लगेच केलं. पण गट जिथे भरतो तिथला पत्ता वेबसाइट नव्या सभासदाला आपोआप पाठवते. गट ताईंच्याच घरी भरायचा.

"त्याला काय काय कळलंय?" ताईंनी विचारलं.

मी उठून आधी ताईंच्या दाराला आतून कडी घातली.