मास्क आधी मामांनी लावला

सोनल लग्न होऊन कुरुळीत आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की आपले सासरे पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेत नाहीत. मुरारीमामा ओट्यावर बसून नुसते खाकरायचे आणि सासूबाई आतून पाणी घेऊन यायच्या. माणूस वाईट नव्हता. तोंडात शिवी नाही, दारूचं नाव नाही. दोन म्हशी, राहिलेलं दीड एकर रान आणि कंपनीतल्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या चार खोल्या, यातच त्यांचा दिवस जायचा. पण उंबऱ्याच्या आत जे काही आहे ते बायकांचं, ही त्यांची समजूत पक्की होती.

सासूबाईंना, म्हणजे तानाबाईंना, सोनल आत्या म्हणायची. आत्यांना चार-पाच वर्षांपासून दम लागत होता. आधी चढाला लागायचा, मग धुणं आपटताना, पुढं पुढं तर नुसती वेणी घालतानासुद्धा मध्येच हात खाली यायचे. गावातल्या डॉक्टरच्या इंजेक्शनावर भागत होतं. दीड वर्षापूर्वी हिवाळ्यात एका सकाळी त्यांचे ओठ निळे दिसायला लागले, तेव्हा सोनल आणि तिचा नवरा बाळू त्यांना पिंपरीला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. मामाही मागच्या सीटवर येऊन बसले.

छातीच्या डॉक्टरबाईंनी नळीत फुंकर मारायला लावली, फोटो काढला, आणि रिपोर्ट बघून विचारलं, "आजी, बिडी किती वर्षं ओढली?"

आत्यांना रागच आला. "मी कशाला बिडी ओढू? हे वढायचे. ते बी सोडून धा वर्सं झाली."

"मग स्वयंपाक चुलीवर करता का?"

घरात गॅस होता, पण तो चहाला आणि दूध तापवायला. भाकरी आणि कालवण चुलीवरच व्हायचं, कारण मामांना गॅसवरची भाकरी गोड लागत नव्हती. स्वयंपाकघराला एक झरोका, तोही मांडणीमागं झाकलेला. अशी चाळीस वर्षं गेली होती.

"तीस वर्षं बिडी ओढणाऱ्या माणसासारखी फुफ्फुसं झिजलीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा आजार मुळापासून बरा होत नाही. पण सांभाळलात तर माणूस चांगला जगतो."

मामा भिंतीकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून चूल बंद झाली आणि गॅसवरची भाकरी त्यांनी न कुरकुरता खाल्ली.

घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याला एक काचेची नळी, नळीत गोळी. गोळी एकच्या रेघेवर ठेवायची, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. बोटाला लावायचं यंत्र अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णवच्या मध्ये दाखवत असलं की पुरे. सगळं सोनलनं ऐकून घेतलं, कारण औषधपाण्याचं सुनेनंच बघायचं, असं घरात सगळ्यांनीच धरलेलं होतं. सोनल चाकणला एका कंपनीत पॅकिंगला होती आणि बाळू कंपनीची बस चालवायचा. सोनलची पहिली शिफ्ट असली की दिवसा घरी दोघं म्हातारीच माणसं.

पंधरा दिवसांनी सोनल दुपारी चारला शिफ्टवरून आली, तर आत्या खाटेवर गाढ झोपलेल्या आणि मामा शेजारी समाधानानं बसलेले.

"लई दिसांनी अशी झोप लागलीया तिला," ते म्हणाले.

सोनलनं हाक मारली. मग खांदा हलवला. आत्यांनी डोळे अर्धे उघडले, त्या काहीतरी बरळल्या आणि डोळे पुन्हा मिटले. सोनलची नजर मशीनवर गेली. गोळी चारच्या रेघेवर होती.

तिनं गोळी एकवर आणली आणि रुग्णवाहिका बोलावली. गाडीत ती मामांकडं बघतही नव्हती. भाकरीचा हट्ट यांचा, आणि आता हेही यांचंच, असं तिच्या मनात सारखं येत होतं, आणि सासू मरायला टेकली असताना असं मनात येतंय याचीही तिला लाज वाटत होती.

तातडीच्या विभागात डॉक्टरबाई आल्या. नाडी बघितली, मनगटातून रक्त काढायला लावलं आणि विचारलं, "ऑक्सिजन कुणी वाढवला होता का?"

बाळू बस डेपोत लावून तसाच धावत आला होता. तो म्हणाला, "चुकून कुणाचा हात लागला असेल, मॅडम."

"हात न्हाई लागला," मामा म्हणाले. "मी वाढवलं. बोटाच्या यंत्रात एकोणनव्वद दिसत व्हतं, मला बघवंना. चारवर केलं तर सत्त्याण्णव झालं. मला वाटलं, झाली बरी."

बाळूनं मान खाली घातली. डॉक्टरबाई मात्र रागावल्या नाहीत. "त्यांच्या शरीराला थोडक्या ऑक्सिजनची सवय झालीय," त्या म्हणाल्या. "एकदम जास्त दिला की आतला खराब वायू बाहेर पडत नाही, साठत जातो. ही गुंगी त्याचीच आहे. बरं झालं खरं सांगितलंत, नाहीतर आम्ही मेंदूचा फोटो काढण्यात वेळ घालवला असता."

मामा थोडे पुढं सरकले. "आता मला समदं शिकवा. पोरीला नगं. ती कामावर जाती, घरी मी असतो."

सोनलनं तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघितलं.

आत्यांना अतिदक्षता विभागात नेलं आणि तोंड-नाक झाकणारा मास्क लावला. मशीन त्यातून जोरानं हवा आत सोडायचं, म्हणजे साठलेला वायू बाहेर पडावा. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांना शुद्ध आली आणि तिथूनच अवघड झालं. शुद्धीवर येताच त्यांनी मास्क ओरबाडून काढला. सिस्टरनं परत लावला, त्यांनी परत काढला. डोकं हलवायच्या, हात झटकायच्या. दिपाली सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "मास्क राहिला नाही तर घशातून नळी घालावी लागेल. तुमच्यापैकी कुणीतरी समजवा."

सोनलनं समजावलं. बाळूनं हात जोडले. आत्या ऐकेनात.

मामा सिस्टरांना म्हणाले, "त्यो मास्क मला लावा."

"तुम्हाला कशाला?"

"तिला काय व्हतंय ते मला ठावं नाय. मंग मी तिला काय सांगू?"

पेशंटचा मास्क दुसऱ्याला लावता येत नव्हता, पण नवीन सिस्टरांना शिकवायला एक जुनं मशीन ठेवलेलं होतं. डॉक्टरबाईंना विचारून दिपाली सिस्टरांनी ते शेजारच्या खोलीत जोडलं आणि मामांना खुर्चीवर बसवलं.

मशीन सुरू झालं तसे मामांचे डोळे विस्फारले. अर्ध्या मिनिटात त्यांनी मास्क उपटून काढला आणि खुर्चीची दांडी धरून धापा टाकत राहिले. "विहिरीत ढकलल्यावानी होतंय," ते म्हणाले. मग पदरानं तोंड पुसावं तसं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. "लावा परत."

दुसऱ्या वेळी मिनिटभर टिकले. तिसऱ्या वेळी पाच मिनिटं. सोनल दारात उभी राहून बघत होती. सत्तरीला आलेला माणूस, खुर्चीवर ताठ बसून, तोंडावर प्लास्टिकचा मास्क चढवून, श्वास कसा घ्यायचा ते शिकत होता. मास्क निघाला तेव्हा नाकाच्या हाडावर लाल वळ उमटला होता.

"भांडलं की ते बुक्क्या मारतं," त्यांनी सिस्टरांना सांगितलं. "आपन सैल सोडलं की गुमान आत जातं. आन घसा लई कोरडा पडतो. आन बोलता येत न्हाई, त्यानंच जीव जास्त घाबरतो."

ते आत्यांच्या खाटेपाशी गेले. आयुष्यात त्यांनी बायकोला नावानं हाक मारलेली सोनलनं ऐकलं नव्हतं. आताही मारली नाही. "अगं, हिकडं बघ. ते मशीन वारा ढकलतं तवा ढकलू दे, तू त्याला ढकलू नगंस. आत आला की हळूच सोडून दे. मी लावून बघितलंय. मी बी पयल्यांदा फेकून दिला."

आत्यांनी त्यांच्या नाकावरचा वळ बघितला. बघतच राहिल्या.

"एक बोट केलंस तर पाणी," मामा म्हणाले. "दोन केलीस तर नाक खाजतंय. मूठ केलीस तर घटकाभर काढायचा. मी हितंच हाय."

सिस्टरांनी मास्क लावला. आत्यांचा हात वर आला, मामांनी तो धरला आणि स्वतःचा श्वास मशीनच्या चालीवर मोठ्यानं घ्यायला लागले, आत, बाहेर, आत, बाहेर. शेजारचे नातेवाईक बघत होते, त्याचं त्यांना काही नव्हतं. वीस मिनिटांनी आत्यांनी मूठ केली. मास्क काढला, पाणी पाजलं, परत लावला. दुपारी तो दोन तास राहिला. संध्याकाळचा रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, "नळी नको आता."

चौथ्या दिवशी आत्यांना बायकांच्या वॉर्डात हलवलं. तिथं पुरुषांना दुपारी चार ते सहाच प्रवेश. मामा बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मास्क अजून अधूनमधून लावावा लागायचा. सोनलला बोटांच्या खुणा कळायच्या, पण आत्यांचं लक्ष सारखं दाराकडं. शेवटी समोरच्या खाटेवरच्या भिमाबाई नावाच्या आजी सिस्टरांना म्हणाल्या, "येऊ द्या की त्यांना आत. आम्ही तोंड फिरवतो वाटलं तर." बाकीच्या बायकांनीही माना हलवल्या. तेव्हापासून मामा दारात थांबून खोकायचे, मान खाली घालून सरळ आत्यांच्या खाटेपाशी यायचे आणि तसेच परत जायचे.

एका दुपारी सोनल औषधं घेऊन आली, तर पडद्याआडून मामांचा आवाज आला. ती बाहेरच थांबली.

"माझ्या जिभेपायी तुझी छाती गेली," मामा म्हणत होते. "डॉक्टरीण बोलली त्या दिसापास्नं माझ्या ध्यानात हाय. तोंड उघडत नव्हतं."

आत्यांना एका दमात चार शब्दही बोलता येत नव्हते. त्या थांबत थांबत म्हणाल्या, "मला बी... गॅसवरची... आवडत न्हवती. समदं... सोतावर... घिऊ नका."

दम घेऊन त्याच पुढं म्हणाल्या, "म्हशींना... कोण बघतंय?"

"भाडेकरी. लातूरकडचा हाय, धार काढता येती त्याला."

सोनल पडदा बाजूला सारून आत गेली. तिच्या मनातला राग केव्हा गेला ते तिलाच कळलं नव्हतं. गेला होता एवढं खरं.

बाराव्या दिवशी आत्या घरी आल्या. मामांनी गोळीच्या नळीवर एकच्या रेघेला लाल टेप चिकटवली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला "हात लावायचा न्हाई, मी लावला व्हता" असं स्वतःहून सांगायला लागले. औषधाचा पंप तोंडात ओढून दहा आकडे श्वास धरायचा, मग चूळ भरायची, हे आत्या विसरल्या तरी ते विसरत नव्हते. गरम चहा निववल्यासारखी ओठांतून फुंकर सोडायचा व्यायाम दोघं ओट्यावर समोरासमोर बसून करायची. गल्लीतल्या माणसांनी आधी टिंगल केली, मग सवय झाली. पहिल्या दिवशी आत्या दारापासून गोठ्यापर्यंत चालल्या आणि खाली बसल्या. मामांनी तिथंच एक खुर्ची ठेवली. पुढच्या आठवड्यात खुर्ची विजेच्या खांबापाशी गेली, महिन्यानं पिठाच्या गिरणीपाशी.

आजार गेला नाही, जाणारही नव्हता. पावसाळ्यात एकदा बेडक्याचा रंग बदलला. मामांनी त्याच सकाळी सोनलला कामावर फोन केला, "डॉक्टरणीला इचार, हिरवा पडतोय." गोळ्या वेळेवर सुरू झाल्या, आणि त्या खेपेला हॉस्पिटलात राहावं लागलं नाही. तपासणीला गेल्यावर डॉक्टरबाईंनी मास्क लावून न घेणाऱ्या एका दाखल पेशंटच्या नवऱ्याला मुद्दाम मामांकडं पाठवलं. मामा त्याला घेऊन कोपऱ्यात बसले आणि अर्धा तास बोटांच्या खुणा दाखवत राहिले.

या मे महिन्यात आत्यांच्या भाचीचं लग्न चिंबळीला होतं. आत्या जाणार म्हणाल्या. बाळू नको म्हणत होता, गर्दी, धूळ, डीजे. मामांनी डॉक्टरबाईंना विचारलं, दोन तासांची परवानगी आणली. लग्नात आत्या नवी हिरवी साडी नेसून खुर्चीवर बसल्या होत्या, नाकाला बारीक नळी, आणि फेटा बांधलेले मामा ऑक्सिजनचं छोटं नळकांडं खांद्याला अडकवून शेजारी उभे. त्यांचे एक मेहुणे जवळ आले आणि हसत म्हणाले, "दाजी, तुमी तर ताईचे हमाल झाला."

"व्हय," मामा म्हणाले. "जरा सरक, हिला वारं लागू दे."

मेहुणे सरकले. नवरी वाकून आत्यांच्या पाया पडली, आत्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि एक अख्खा आशीर्वाद, मध्ये न थांबता, एका दमात दिला.