पदरातल्या नऊ पुड्या

"एकही पुडी चुकली नाही ना, वच्छलाबाई?" मुकुंद डॉक्टरांनी दर पंधरवड्याचाच प्रश्न विचारला.

वच्छलानं 'नाही' म्हणून नुसती मान हलवली. काल संपलेल्या नवरात्रात हुडकेश्वरच्या देवळात तिनं रोज कीर्तन ऐकलं होतं. बुवांचं एक वाक्य काळजात बसलं होतं : नवस मनात ठेवावा, बोलून दाखवला की उसवतो.

सहा वर्षांच्या तिच्या शामलाला शेंगदाणा म्हणजे विष. एक दाणा पोटात गेला की ओठ सुजत, श्वास अडे. डॉक्टर चार वर्षांपासून याच दुखण्यामागे लागले होते. ज्वारीच्या पिठात दाण्याची भुकटी मिसळून ते अशा लेकरांना पुड्या बांधून देत. रोज एक, पंधरा दिवसांनी त्यांच्यासमोर थोडी वाढीव. अंगाला हळूहळू सवय लागावी, ही आशा. शामलाच्या बाबतीत पाच महिने ती आशा टिकली होती.

आज वाढीव पुडी घेतली अन् दहाच मिनिटांत शामला गळा खाजवू लागली.

"आई, मले कसंतरी होऊन राहिलं."

अंगभर गांध्या उठल्या. ओठ निळे पडले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पाय उंच केले. नाडी लागेना.

"इंदूबाई, बाहेरच्या चारही लेकरांच्या पुड्या थांबवा!" ते नर्सवर ओरडले. "भुकटी बिघडली? की मीच माप चुकलो?"

वच्छला भिंतीला टेकली. विठ्ठला, बोलू तर नवस जाते, न बोलू तर पोरगी जाते! तिनं पदराची गाठ सोडली. नऊ पुड्या, जशाच्या तशा.

"नऊ दिवस आम्ही दोघींनी धान्य सोडलं होतं, डॉक्टरसाहेब. दाणा उपासाले चालते. पण तुमच्या पुडीत जवारीचं पीठ होतं."

"काय वं बाई! देवाले सांगतलं, अन् डॉक्टरले काहून नाही?" इंदूबाईंना राहवलं नाही.

"नऊ दिवस..." डॉक्टर पुटपुटले. "सवय मोडली, अन् मी वरून वाढीव दिली." त्यांनी दुसरं इंजेक्शन भरलं.

मग नुसती वाट पाहणं. वच्छलाला एकही अभंग आठवेना. टाळ नाही, बुवा नाही. फक्त पोरीच्या छातीतली शिटी, अन् ती मधूनच थांबली की सगळंच थांबल्यासारखं.

दुपार कलताना शामलानं पाणी मागितलं.

डॉक्टर स्टुलावर बसले. "नवस कशाचा होता?"

"पुड्या लागू पडो म्हणून."

त्या नऊ पुड्या त्यांनी टेबलाच्या खणात ठेवल्या. मग म्हणाले, "यापुढे भगरीच्या पिठात देईन. उपासालाही चालेल. पण सुरुवात पुन्हा पहिल्या पुडीपासून."

"माही हिंमत नाही होत, डॉक्टरसाहेब."

"माझीही नाही," ते म्हणाले, अन् शामलाची नाडी पुन्हा मोजू लागले.